कमी गुणांहून घाईची निवड घातक

दरवर्षी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागतो आणि वृत्तपत्रांची पाने देशात पहिल्या आलेल्या मुलामुलींच्या छायाचित्रांनी भरून जातात. त्यांचे कौतुक रास्तच आहे. परंतु त्या विद्यार्थ्यांपुढे निवडीचा प्रश्न असा फारसा नसतोच. त्यांना हवे ते महाविद्यालय मिळते. खरा पेच पडतो तो यादीच्या मधल्या आणि शेवटल्या भागात ज्यांची नावे असतात त्यांच्यापुढे. ७२० पैकी साडेतीनशे-चारशे गुण मिळालेले असतात. वडील शाळेत शिक्षक किंवा एखाद्या कचेरीत लिपिक असतात. मुलीने वा मुलाने डॉक्टर व्हावे ही इच्छा घरात दहावीपासून बोलून झालेली असते. निकालपत्रावर 'पात्र' असा शेरा आहे, पण जागा कोठे आहे ते कोणी सांगत नाही. पुढल्या सहा-आठ आठवड्यांत या घरात जो निर्णय होतो त्याचे परिणाम दहा-पंधरा वर्षे भोगावयाचे असतात. तो निर्णय मात्र शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर, शिकवणीवर्गाच्या चालकाच्या शब्दावर, नाहीतर कोणा दलालाच्या दूरध्वनीवर घेतला जातो. सुरुवात दुबळी झाली एवढ्याने फार थोड्यांचे आयुष्य बिघडते. दुबळ्या सुरुवातीने बिथरून जाऊन केलेल्या निवडीने मात्र घरेच्या घरे कर्जात उतरतात. म्हणून या निवडीचा विचार शांतपणे व्हावयास हवा.

'पात्र' या शब्दाचा भुलावा

प्रथम गणित समजून घेतले पाहिजे. २०२५ साली 'नीट' या परीक्षेला देशात सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यांतल्या साधारण निम्म्या सरकारी. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी एकालाच जागा मिळू शकते आणि मध्यमवर्गाला परवडेल अशी जागा वीसांतल्या एकाला. असे का होते? पात्रता ठरते ती गुणांच्या टक्केवारीवर नव्हे, तर पर्सेंटाइलवर. खुल्या प्रवर्गासाठी पन्नासावे पर्सेंटाइल ही अट आहे. याचा अर्थ परीक्षेला बसलेल्यांतला वरचा अर्धा भाग पात्र, मग त्यांचे गुण कितीही असोत. २०२५ मध्ये ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर आली, म्हणजे अवघ्या वीस टक्क्यांवर. अशा परीक्षेत 'पात्र' हा शब्द गुणवत्तेची ग्वाही देत नाही. तो केवळ दरवाजापाशी उभे राहण्याची परवानगी देतो.

या ढिलाईचा लाभ कोणाला होतो हेही पाहिले पाहिजे. सरकारी जागा भरल्यावर वरच्या क्रमांकाचे पण खिशाने हलके असलेले विद्यार्थी महागड्या जागा नाकारतात आणि त्यांच्या कितीतरी मागचे, परंतु पैसेवाले विद्यार्थी त्या घेतात. 'नीट' आल्यामुळे देणग्यांचा उघड बाजार आटोक्यात आला हे खरे; पण पैशाचे वजन प्रवेशप्रक्रियेतून गेले असे म्हणता येणार नाही. ते देणगीच्या थैलीतून शुल्काच्या पावतीत आले.

एक आकडा, एक दिवस

या पद्धतीची एक बाजू मात्र दुबळ्या सुरुवातीच्या विद्यार्थ्याला अनुकूल आहे आणि तिच्याकडे पालकांचे पुरेसे लक्ष जात नाही. एके काळी बारावीच्या विज्ञान विषयांच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश ठरत असे आणि एखाददुसऱ्या गुणाने हुकलेल्याला ती खंत जन्मभर वाहावी लागे. आज दहावीच्या गुणांना या प्रवेशात किंमत नाही. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गात पन्नास टक्के आणि राखीव प्रवर्गात चाळीस टक्के गुण मिळाले की तेवढ्याने भागते. परीक्षा किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही, आणि वयाची वरची मर्यादाही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली काढून टाकली. खेड्यातल्या शाळेत अकरावीपर्यंत इंग्रजी पाठ्यपुस्तकाशी झुंजणारा, प्रयोगशाळा नावालाच पाहिलेला विद्यार्थी उशिरा वाटेला लागला, तरी त्याची आधीची पडझड त्याच्या मागे लागत नाही.

दुसरी बाजू तितकीच कठोर आहे. सारे काही एका दिवसाच्या एका आकड्यावर येऊन ठेपले आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने झाली. 'नीट'पूर्वी त्या संस्थेच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचीही प्रश्नपत्रिका असे. खेड्यात जाऊन काम करण्याची ज्याची मनोवृत्ती आहे तो ओळखावा, हा त्यामागचा हेतू होता. तो प्रयोग कितपत साधला यावर मतभेद असू शकतील. पण विद्यार्थ्याला आकड्यापलीकडे काही विचारावे, ही कल्पनाच आता प्रवेशातून हद्दपार झाली आहे. मग तो प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला आणि पालकांनी विद्यार्थ्याला विचारणे भाग आहे: डॉक्टर का व्हावयाचे? या प्रश्नाचे उत्तर असेल तरच पुढची निवड शहाणपणाने करता येते.

गुण नव्हे, क्रमांक पाहावा

निवड करताना पहिली चूक होते ती गेल्या वर्षीच्या गुणांशी तुलना करण्याची. २०२४ साली सुधारित निकालानंतरही सतरा विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ साली प्रश्नपत्रिका अवघड निघाली आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ वर थांबले. तेव्हा एका वर्षीचे पाचशे गुण आणि दुसऱ्या वर्षीचे पाचशे गुण यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. तुलना करावयाची ती राष्ट्रीय व राज्य गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाची. एखाद्या महाविद्यालयात मागील दोन-तीन वर्षी आपल्या प्रवर्गातून शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला मिळाला, ही माहिती प्रसिद्ध होते. ती कागदावर उतरवून काढण्यास एक रविवार पुरतो. हे काम कोणाला पैसे देऊन करून घेण्याचे कारण नाही.

दुसरी चूक पसंतीक्रमाची. 'वरची महाविद्यालये लिहिली तर खालचीही हातची जातील' असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. विद्यार्थ्याची पाळी येते ती त्याच्या क्रमांकानुसार. त्या वेळी त्याची यादी वरून खाली वाचली जाते आणि जेथे जागा शिल्लक असेल तेथे तो बसवला जातो. आवाक्याबाहेरचे नाव वर लिहिल्याने खालच्या नावाचा हक्क तिळभरही कमी होत नाही. म्हणून यादी लावावयाची ती शक्यतेच्या क्रमाने नव्हे, इच्छेच्या क्रमाने. मात्र याच नियमाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधी मिळालेली जागा आपोआप रद्द होते. ज्या महाविद्यालयाचे शुल्क भरणे शक्य नाही किंवा जेथे जावयाचेच नाही, त्याचे नाव केवळ यादी लांबवण्यासाठी घातले, तर हातची जागा जाते आणि कधीकधी अनामत रक्कमही जप्त होते.

तिसरी गोष्ट म्हणजे खिडक्या दोन आहेत. राज्यातील सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून होतात. सरकारी महाविद्यालयांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा व अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून भरल्या जातात. दोहोंची वेळापत्रके जवळजवळ समांतर चालतात. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३० ची विभागणी २०२० साली रद्द झाली. तेव्हा 'आपल्या विभागात जागा राखून असतात' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला आता कालबाह्य आहे. आणि कागदपत्रांविषयी काय सांगावे? अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता यांपैकी एखादे प्रमाणपत्र वेळेवर हाती नसल्याने मिळालेली जागा गमावणारी मुले दरवर्षी असतात. ज्याचे गुण कमी त्याने कागदपत्रांत कमी पडणे परवडणारे नाही. ही धावपळ निकालानंतर नव्हे, अकरावीच्या वर्षातच व्हावयास हवी.

इमारत की रुग्ण?

महाविद्यालय चांगले कशावरून म्हणावयाचे? पालक गेट, वसतिगृह आणि सभागृह पाहून येतात. वैद्यकाचे शिक्षण मात्र रुग्णाच्या खाटेशेजारी होते. ज्या रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी दहा वाजता ओसंडून वाहतो, जेथे बाळंतपणे, अपघात, सर्पदंश, क्षय हे सारे रोज दिसते, तेथे सामान्य वकुबाचा विद्यार्थीही पाच वर्षांत हाताने काम करू लागतो. जेथे संगमरवरी फरशीवर रिकाम्या खाटा मांडून ठेवलेल्या असतात, तेथे हुशार विद्यार्थीही पुस्तकी राहतो. मान्यतेच्या कागदावर विसंबून राहण्याचे दिवस राहिले नाहीत. महाविद्यालयांच्या तपासणीची गोपनीय माहिती लाच घेऊन फोडल्याच्या आरोपावरून २०२५ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला, हे ताजेच आहे. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी एक सकाळ त्या रुग्णालयाच्या केसपेपरच्या रांगेशी उभे राहावे आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलावे. कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा ते अधिक सांगून जाईल.

या कसोटीवर जिल्ह्याच्या ठिकाणची नवी सरकारी महाविद्यालये वाटतात तितकी टाकाऊ ठरत नाहीत. २०२४ साली राज्यात जालना, बुलढाणा, हिंगोली, वाशिम, भंडारा, गडचिरोली, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई अशी दहा नवी सरकारी महाविद्यालये एकाच वर्षी सुरू झाली. नव्या महाविद्यालयांत अध्यापकांची वाण असते, वसतिगृहे अपुरी असतात, प्रयोगशाळा उसनवारीवर चालतात. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांचे उत्तर शासनाने दिले पाहिजे. परंतु तेथे जिल्हा रुग्णालयाचे रुग्ण असतात आणि शुल्क मध्यमवर्गाच्या आवाक्यात असते. काठावरच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याने मुंबई-पुण्याचा मोह सोडून ही नावे यादीत मनापासून लिहावीत. पदवीनंतरच्या एक वर्षाच्या सक्तीच्या शासकीय सेवेचे बंधन असते. पण ज्याला खरोखर डॉक्टर व्हावयाचे आहे त्याला ते वर्ष ओझे वाटण्याचे कारण नाही.

शुल्काचा हिशेब

महाराष्ट्राने १९८३ च्या सुमारास विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडून दिले. त्यातून जागा वाढल्या, तशीच देणगीची रीतही रुजली. तिला आळा घालण्यासाठी १९८७ साली कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे झाले, २०१५ चा राज्याचा शुल्कनियमनाचा कायदा आला. आज खासगी महाविद्यालयांचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. अभिमत विद्यापीठे त्या कक्षेबाहेर आहेत.

समजा, वर्षाला बारा लाख रुपये शुल्क आहे. साडेचार वर्षांचे ५४ लाख होतात, राहणे-जेवणे वेगळे. अभिमत विद्यापीठात पंचवीस लाख धरले तर सव्वा कोटीच्या जवळ जाते. शिक्षकाचा किंवा लिपिकाचा भविष्य निर्वाह निधी, घराचे तारण आणि पत्नीचे दागिने एकत्र केले तरी हा डोंगर ओलांडत नाही. शिवाय एम.बी.बी.एस.नंतर पदव्युत्तर प्रवेशाची दुसरी शर्यत उभीच असते. ज्या नवशिक्या डॉक्टरच्या डोक्यावर अर्धा कोट रुपयांचे कर्ज आहे, त्याने खेड्यात जाऊन माफक दरात रुग्ण तपासावेत अशी अपेक्षा समाजाने कोणत्या तोंडाने करावी?

येथे एक सवलत आवर्जून लक्षात घ्यावयास हवी. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील आर्थिक दुर्बल, इतर मागास तसेच सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या खासगी महाविद्यालयातील जागेसाठीही, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोट्यातील जागा त्यात येत नाहीत. म्हणजे ज्या घराला एखादे खासगी महाविद्यालय अशक्य वाटते, त्याच घरातील मुलीला ते कदाचित शक्य असते. माहितीअभावी असे पर्याय यादीतून वगळले जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

परदेशाची वाट

कमी गुणांच्या विद्यार्थ्याच्या घरी सर्वांत आधी जो दूरध्वनी येतो तो बहुधा परदेशी विद्यापीठाच्या दलालाचा. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, फिलिपीन्स ही नावे आता तालुक्याच्या गावातही अपरिचित नाहीत. तिकडे जाणे गैर नव्हे. परंतु दलाल जे सांगत नाही ते जाणून गेले पाहिजे. परदेशी जाण्यासाठीही 'नीट'ची पात्रता लागते. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता करावी लागते, त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता मिळावी लागते आणि परतल्यावर येथील परीक्षा उत्तीर्ण होऊन पुन्हा वर्षभर आंतरवासिता करावी लागते. ही परीक्षा ३०० गुणांची, उत्तीर्णतेसाठी १५० गुण. अलीकडच्या वर्षांत उत्तीर्णांचे प्रमाण बहुतेक वेळा एकतृतीयांशाच्या खालीच राहिले आहे. म्हणजे सहा वर्षे आणि तीस-चाळीस लाख रुपये खर्चून परतलेल्यांपैकी बहुसंख्य पहिल्या फटक्यात डॉक्टर म्हणून नोंदले जात नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा तिकडून हजारो भारतीय विद्यार्थी अर्धवट शिक्षण टाकून परतले. त्यांची पुढे झालेली परवड या वाटेचा आणखी एक धोका दाखवते. ज्याचा पाया येथे कच्चा राहिला, त्याचा पाया विमानात बसल्याने पक्का होत नाही.

पुन्हा एक वर्ष?

मग पुन्हा परीक्षा द्यावी काय? याचे सरसकट उत्तर नाही. गुण कमी का पडले याचे प्रामाणिक निदान आधी झाले पाहिजे. आजारपण, उशिरा केलेली सुरुवात, भौतिकशास्त्राचा एखादाच कच्चा भाग, चुकीच्या उत्तरांना कापल्या जाणाऱ्या गुणांचा विचार न करता केलेली अंदाजबाजी, अशी दूर होण्याजोगी कारणे असतील, तर एक वर्ष खर्चणे हा अर्ध्या कोटीच्या कर्जापेक्षा कितीतरी स्वस्त सौदा आहे. पण दोन वर्षे मनापासून अभ्यास करूनही गुण जेथल्या तेथे असतील, तर तिसरे वर्ष शिकवणीवर्गाच्या वसतिगृहात कोंडून काढणे म्हणजे मुलाच्या तारुण्याशी केलेला जुगार होय. लातूर असो वा राजस्थानातले कोटा, त्या खोल्यांतून जी निराशा साचते तिची किंमत कोणत्याही गुणवत्ता यादीत छापली जात नाही. आणि भौतिकोपचार, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या यांकडे पाहताना 'एम.बी.बी.एस. हुकलेल्यांचे कोठार' ही दृष्टी सोडली पाहिजे. रुग्णसेवा हा हेतू असेल तर ती करण्याच्या वाटा अनेक आहेत. हेतू केवळ नावामागच्या उपाधीचा असेल, तर कोणतेच महाविद्यालय समाधान देणार नाही.

कोणी काय करावे

शेवटी प्रश्न एकट्या पालकाचा राहत नाही. जी व्यवस्था सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून काही दिवसांत पन्नास-साठ महाविद्यालयांचा क्रम मागते, तिने त्या क्रमासाठी लागणारी माहिती त्याच्या भाषेत, वेळेआधी आणि फुकट द्यावयास हवी. २०१७ पासून 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते. पण प्रवेशाची किचकट नियमावली समजावून देणारी साधी मराठी पुस्तिका प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात मिळावी, एवढी मागणी अवाजवी नाही. प्रत्येक महाविद्यालयाचे पाच वर्षांचे एकूण शुल्क, भरलेल्या खाटांचे प्रमाण, अध्यापकांची रिक्त पदे आणि आंतरवासितेचे विद्यावेतन एका तक्त्यात प्रसिद्ध करणे शासनाला कठीण नाही. जिल्ह्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत मार्गदर्शनाचा कक्ष उघडला, तर दलालांची निम्मी दुकाने आपोआप बंद होतील. आणि कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी निकालाच्या दिवशी पेढे वाटून घरी न जाता, जे पेढे घेऊन आले नाहीत त्यांना बोलावून घ्यावे. त्या मुलांना त्या आठवड्यात अभ्यासाची नव्हे, माणसाची गरज असते.

दुबळी सुरुवात हा वैद्यकाच्या व्यवसायात कलंक मानण्याचे कारण नाही. खाटेवरचा रुग्ण डॉक्टरला त्याचा प्रवेशपरीक्षेतला क्रमांक विचारीत नाही. तो फक्त एवढेच पाहतो की याचा हात स्थिर आहे की नाही आणि हा आपले ऐकून घेतो की नाही. असे हात कोणत्या रुग्णालयात घडतील आणि कोणत्या कर्जाखाली थरथरू लागतील, याचा विचार ज्या यादीत उमटला असेल ती यादी कमी गुणांची असूनही शहाणपणाची ठरेल.